एकविसावा खडा

विसावा गडी वाकला. मनकर्णेने त्याच्या घामेजल्या कपाळावर अंगारा ओढला, मांडीजवळचा एक खडा उचलून उताराकडे टाकला. गडी आल्या पावली खाली पळाला. आता एकच खडा उरला.

नाथाच्या डोंगरावरची ही शर्यत जुनी. वेशीतून निघायचं, दोन खिंडी चढून माथा गाठायचा, कपाळी अंगारा घेऊन पुन्हा वेस. सहा कोस. जितके गडी निघाले, तितके खडे घेऊन अंगारा लावणारी माथ्यावर बसते. शेवटचा खडा पडल्याशिवाय शर्यत संपत नाही, तिला जागा सोडता येत नाही. बारा वर्षं हे काम मनकर्णेचं.

उरलेला खडा कारभारीचा होता. तिच्या नवऱ्याचा.

अठ्ठावीस वर्षं तो धावला. एकदाही पहिला आला नाही, एकदाही चुकला नाही. यंदा दुष्काळी कामावर खडी फोडताना छातीत धूळ बसली. डॉक्टरांनी पळायला मना केलं. तिने विनवलं, तर हसला आणि वेशीत नाव देऊन आला.

डोंगरावर गवताची काडी नव्हती. त्यामुळे पार खालच्या खिंडीपासून तो दिसत होता. दहा पावलं चालायचा, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहायचा, पुन्हा दहा पावलं. ती मनातल्या मनात त्याची पावलं मोजत होती.

पंचांचा निरोप घेऊन गावातला पोरगा गोरक्ष वर आला. पहिल्याला फेटा बांधून झाला, आता खडा टाका आणि खाली या, म्हणत होते. वाटेत त्याने कारभारीला आधार देऊ केला होता.

"तर म्हनले, सर बाजूला, मी शर्यतीत हाय."

मनकर्णेच्या डोळ्यांत हसू आलं. "मंग? माझा एक गडी वाटंवर हाय अजून. पंचांना म्हनावं, भूक लागली आसंल तर जेवून घ्या."

ऊन कललं तेव्हा तो आला. वाकायला गेला आणि तिच्यापुढे बसलाच. तिने पदराने त्याचं कपाळ पुसलं, मग अंगारा लावला. बोट जरा वेळ तिथंच राहिलं.

"टाक खडा," तो धापा टाकत म्हणाला.

"टाकते की. आधी पानी प्या."

त्याने तांब्या तोंडाला लावला. तेवढ्यात तिने खडा पदराच्या टोकाला बांधला, गाठ आवळली आणि रिकामा हात उताराकडे झटकला.

"वाजला न्हाई," तो म्हणाला.

"वारं लई हाय."

उतरताना ती त्याच्यापुढे एक पाऊल चालत होती. पदराचं टोक तिने मुठीत धरलं होतं.