फोज्वोचा सोमवार

एडिनाम आगबेको आमच्या नगरसभेत रुजू झाली त्याच आठवड्यात वाच्ये विकणाऱ्या सेरवाबाईनं तिच्या पानातल्या चवळीभातावर एक उकडलेलं अंडं जादा ठेवलं. मी समोरच्याच बाकावर बसलो होतो. चोवीस वर्षं मी त्या बाईची टपरी तपासतोय. पातेल्यावरचं झाकण, भांडी धुवायचं पाणी, तिची नखं, सगळं. मला कधी अंड्याचं टरफलसुद्धा मिळालं नाही. मिळालं असतं तरी मी घेतलं नसतं, लाच ती लाच. पण नुसतं देऊ करायला तिचं काय जात होतं?

आमच्या स्वच्छता खात्याला कागदोपत्री लांबलचक नाव आहे. गाव आम्हाला तांकासे म्हणतं. खाकी कपडे दिसले की ‘तांकासे आला, तांकासे’ अशी कुजबुज गल्लीभर पुढे धावते, बायका घाईघाईनं पातेली झाकतात आणि मागच्या दारानं केर उचलला जातो. मी रस्त्यानं चाललो की माझ्यापुढे गाव स्वच्छ होत जाई. लोक घाबरत होते म्हणून गटारं वाहत होती, असं माझं मत होतं आणि आजही आहे.

ही एडिनाम आली ती लांब पूर्वेकडून, व्होल्टा नदीपलीकडून. वय एकतीस, गळ्यात विद्यापीठाची पदवी. आमची भाषा बोलायची तर वाक्यागणिक एक चूक, आणि लोकांना नेमक्या त्या चुकाच गोड लागायच्या. समन्स काढायची नाही, दंडाचं नाव घ्यायची नाही. बाजारातल्या बायकांमध्ये बसून टोमॅटो निवडत निवडत गटाराच्या गोष्टी काढायची. मोटारतळाच्या ज्या गटारापायी मी बासष्ट समन्स बजावली होती, ते गटार चार महिन्यांत खळाळून वाहायला लागलं. एक दिवस घरी गेलो तर बायको म्हणाली, तुमच्या कचेरीतली ती मुलगी आली होती, माझ्याबरोबर उखळात फुफूचे कंद कुटू लागली, किती गुणाची आहे. त्या दिवशी मी जेवलो नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, तशी तिची गत होती. लपवून ठेवत नाही, मी जळत होतो. सकाळी दारात ती हात हलवायची तेव्हा मी तिच्याकडे न बघता सरळ पुढे निघून जायचो.

आणि नुसतं जळण्यापुरतं हे प्रकरण राहिलं नव्हतं. आमच्या विभागाचे प्रमुख जूनमध्ये निवृत्त होणार होते. त्या खुर्चीकडे मी अकरा वर्षं बघत होतो. आता डायरेक्टर बॅनरमन साहेबांनी भर बैठकीत सांगितलं की पावसाआधी बाजारापासून असूबा नदीपर्यंतचं मोठं गटार खोदून साफ करायचं, आणि ते काम एडिनाम मॅडम बघतील. ‘बघू या काय करतात ते,’ असं म्हणून ते हसले. त्या हसण्याचा अर्थ न कळण्याइतका मी नवखा नव्हतो.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. दर जानेवारीत मी श्नॅप्स दारूची बाटली घेऊन राजवाड्यावर नानांकडे, म्हणजे आमच्या राजाकडे, जातो आणि वर्षभराचे वर्ज्य दिवस उतरवून आणतो. कचेरीच्या कॅलेंडरात ते नसतात. त्यांतला फोज्वोचा सोमवार सहा आठवड्यांतून एकदा येतो, आणि त्या दिवशी असूबाच्या काठच्या मातीला लोखंड लावायचं नाही. नदी त्या दिवशी विसावा घेते. आजवर कामाचं वेळापत्रक मीच करायचो, त्यामुळे ती यादी माझ्याच कपाटात असायची. या वर्षी वेळापत्रक एडिनामनं केलं. यादी तिनं मागितली नाही, कारण अशी काही यादी असते हेच तिला माहीत नव्हतं. मग मीही दिली नाही.

वेळापत्रकाची फाइल सहीसाठी फिरत माझ्या टेबलावर आली. खोदाईचं यंत्र नदीच्या टोकाकडून सुरू करायचं होतं, सोमवारी सकाळी सात वाजता. मी तारीख पाहिली. कपाट उघडून यादी पाहिली. पुन्हा तारीख पाहिली. माझ्या छातीत असं काही गोड गोड झालं की मी तुम्हाला सांगू शकत नाही. मग मी समासात ‘पाहिलं’ असं लिहिलं, खाली सही केली आणि फाइल शिपायाच्या हातात दिली.

कचेरीतले बाकीचे सगळे बाहेरगावाहून बदलून आलेले, त्यांना कोण सांगणार? गावकऱ्यांना मात्र वाटलं की तांकासेचं काम आहे, न्सिया बाडू, म्हणजे मी, आहे तिथे, त्यानं नानांकडून सूट घेतली असणार. त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला, म्हणून कुणीही हटकलं नाही.

सोमवारी मी गावाच्या दुसऱ्या टोकाला कत्तलखाना तपासायला गेलो. साडेसातला दवंडीची घंटा ऐकू आली. नंतर कळलं ते असं. यंत्राचा दात काठात रुतला, तशा पाण्याला आलेल्या म्हाताऱ्या डोक्यावर हात ठेवून खाली बसल्या. पोरांनी यंत्राची किल्ली काढून घेतली, चालक उसाच्या शेतातून पळाला. तासाभरात अर्धं गाव नदीवर आलं. एडिनाम एकटी मध्ये उभी होती आणि हात जोडून विचारत होती की माझं काय चुकलं ते तरी सांगा.

बुधवारी राजवाड्यावर बोलावणं आलं. डायरेक्टर, एडिनाम आणि मी, तिघेही चपला बाहेर काढून अंगणात बाकावर बसलो. नानांशी थेट बोलायचं नसतं. आपण बोलायचं ते सोन्याच्या टोकाची काठी धरलेल्या ओच्यामेशी. तो ते पुन्हा नानांना ऐकवतो, आणि ऐकवताना त्याला चार चांगले कपडे घालतो. आमचा ओच्यामे त्यात भलताच हौशी आहे.

अपराध सांगून झाला. मग ओच्यामेनं काठी माझ्याकडे वळवली. ‘नाना विचारतात, मुलगी परगावची आहे, तिला रीत माहीत नाही, कबूल. पण आमचा न्सिया कुठे होता?’

मी एक उत्तर तयार करून आणलं होतं, मला कुणी विचारलं नाही, वेळापत्रक माझं नव्हतं, असं काहीतरी. ते तोंडापर्यंत आलं तेवढ्यात शेजारून एडिनाम उभी राहिली.

‘पापा न्सियांनी मला सांगितलं होतं,’ ती म्हणाली. ‘मीच विसरले.’

ओच्यामे नानांकडे वळला आणि त्यानं आवाज लावला. ‘नाना, पोर म्हणते, बापानं लेकीला समजवावं तसं म्हाताऱ्यानं तिला समजावलं. एकदा नाही, तीनदा. सकाळी सांगितलं, दुपारी सांगितलं, घरी जाताना पुन्हा सांगितलं. पण तरुण कानातून शब्द बाहेर पळतात. म्हाताऱ्याचा यात काही दोष नाही.’

अंगणातले वडीलधारे माना डोलावून हुंकारले. नानांनी माझ्याकडे पाहून मान झुकवली. मी बसून राहिलो. तिची आणि माझी नजरानजर झाली नाही, कारण मी ती होऊ दिली नाही. दोन मेंढ्या, श्नॅप्सच्या बाटल्या, आणि शांतीचे विधी होईपर्यंत गटाराचं काम तीन आठवडे बंद, असा निवाडा झाला.

परतताना गाडीत डायरेक्टर म्हणाले की मुलगी हुशार आहे पण वर गाव कळणारा माणूस हवा. शुक्रवारी पत्र आलं. प्रमुखपदी न्सिया बाडू. मी ते चार वेळा वाचलं. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातात होतं, आणि मनात एकच विचार फिरत होता, की खोटं बोलून तिनं मला हे दिलं, म्हणजे याही बाबतीत तीच मोठी ठरली. त्या पत्राचाही मला राग आला.

दुपारी ती अभिनंदन करायला आली. आत आल्यावर तिनं दार लोटून घेतलं. मला राहवलं नाही. मी विचारलं, ‘खोटं का बोललीस?’

‘मग काय बोलणार होते?’ ती म्हणाली. ‘फाइलवर तुमची सही आहे. तुम्ही सांगितलं नाही असं म्हटलं असतं, तर न वाचता सही केलीच कशी असं साहेबांनी विचारलं असतं. मग सगळ्यांना कळलं असतं.’

‘काय कळलं असतं?’

तिनं आवाज खाली आणला. ‘पापा, तुम्हाला दिसत नाही ते.’

ती खुर्ची जवळ ओढून बसली आणि एखाद्या आजाऱ्याला सांगावं तसं हळूहळू सांगू लागली. ‘मी रोज सकाळी हात हलवते, तुम्ही तसेच पुढे जाता. पहिले दोन महिने मला वाटायचं, माझा राग करतात. घरी जाऊन रडायची मी. मग पाहिलं, तुम्ही माझ्या फाइली हात लांब करून धरता, तोंड वाकडं करता. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माझे वडील शाळामास्तर होते, त्यांचं असंच झालं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, एक दिवस शाळेनं घरी बसवलं. त्या दिवसापासून ते गप्पच झाले. तुमचं तसं व्हायला नको.’

तिच्या फाइली मी लांब धरायचो ते किळस दाखवायला. माझे डोळे म्हणाल तर तीन टेबलांपलीकडच्या सूपमध्ये पडलेली माशी मी ओळखतो, ती मेलीय की पोहतेय तेही सांगतो. हे तिला सांगायला मी तोंड उघडलं. पण मला दिसतं असं म्हटलं की ती पुढचं विचारणार होती, आणि त्या सोमवारी फोज्वो आहे हेही मला दिसलं होतं, एवढं एकच उत्तर माझ्याकडे होतं.

ती वाट बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्यासाठी.

‘कुणाला सांगू नकोस,’ मी म्हणालो.

‘वेडे आहात का,’ ती म्हणाली आणि पिशवीतून चष्मा काढून टेबलावर ठेवला. मोटारतळावरच्या फेरीवाल्याकडून घेतला होता, जाड भिंगांचा. ‘अंदाजानं आणलाय. तरीही फाइली मीच वाचून दाखवत जाईन, दार लावून. कुणाला कळणार नाही.’

गटार पावसाआधी चार दिवस पूर्ण झालं. त्यावर देखरेख करणारा प्रमुख म्हणून माझं नाव दगडावर कोरलंय. आता रोज सकाळी आठ वाजता ती येते, दार लावते आणि मला माझ्याच विभागाचा कारभार मोठ्यानं वाचून दाखवते. प्रत्येक तारखेला थांबते आणि विचारते, पापा, हा दिवस चालेल ना? मी चालेल म्हणतो, नाहीतर नाही म्हणतो. ती समोर असेपर्यंत चष्मा लावून बसावं लागतं, आणि तो लावला की मला खरोखरच काही दिसत नाही. टेबल, फाइल, खिडकी, सगळं एकमेकांत मिसळून जातं. तिचा चेहराही दिसत नाही, तेवढंच एक बरं आहे.