झिजल्या खांद्याची गिटार

माघाची उतरती दुपार. मिरजेच्या कौलांवर सतारींचे भोपळे वाळत बसले होते; गोल, गंभीर, गेरूरंगी भोपळे; पोटात पोकळी आणि पाठीवर ऊन घेऊन, अजून एकही स्वर न शिकलेले. दूर साखर कारखान्याच्या धुराड्यातून गोडसर, करपट धूर निघत होता, आणि त्या धुरातून गाळून आलेले ऊन काकवीसारखे दाट होऊन गल्लीत सावकाश उतरत होते.

खाली गल्लीत आवाजांचे रान माजले होते. लाकूड घासणारे यंत्र किरकिरत होते. पटाशीवर हातोडी पडत होती. कुठल्याशा दुकानात कुणी एकच तार पुन्हा पुन्हा छेडत होते, आणि ती तार पुन्हा पुन्हा नकार देत होती.

त्या रानातून दोघी चालत आल्या. पुढे सुगंधाताई, चाळिशीच्या, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, खणखणीत गळ्याच्या. मागे हेमांगी, तेवीस वर्षांची, पदार्थविज्ञानाची पदवी घेतलेली, पिशवीत शिंप्याची टेप घेऊन आलेली.

परवा पहाटे त्यांची जीप निघणार होती. दुर्बीण पथक म्हणत त्यांना. सात माणसे आणि एक दुर्बीण. दीड महिना सातपुड्याच्या पाड्यापाड्यांवर जायचे. सांजेला गाणी म्हणायची आणि आभाळ काळवंडले की लोकांना शनीची कडी दाखवायची. गाणी सुगंधाताईंची, साथ हेमांगीची. गेल्या खेपेला परतताना तिची मोठी गिटार जीपच्या टपावर, ताडपत्रीखाली होती. घाटातल्या एका वळणावर गिटारीची मान निखळली. म्हणून आता लहान गिटार हवी होती. दुर्बिणीची पेटी आणि मागचे आसन यांच्यामधल्या फटीत मावेल एवढी. फट पंच्याऐंशी सेंटिमीटरची. हेमांगीने ती तीनदा मोजली होती.

जे तिने कुणालाच सांगितले नव्हते, ते मात्र तीन मिलिमीटरचे होते.

कानाच्या गाभ्यात, घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचे, देहातले सर्वांत लहान हाड. दोन्ही कानांत ते हळूहळू ताठत चालले होते. दिवाळीत डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवले होते. शस्त्रक्रिया करता येईल, म्हणाले होते. घाई नाही, पण टाळूही नका. तिने चित्राची घडी घातली, घडी वहीत ठेवली आणि वही कपाटात ठेवली.

आणि त्या ताठरपणाची एक विलक्षण तऱ्हा होती. गोंगाटात तिला बरे ऐकू येई. गोंगाटात माणसे आवाज चढवतात, आणि चढवलेला आवाज त्या हट्टी हाडालाही ढकलून आत शिरतो. धडधडत्या जीपमध्ये तिचे गुपित सुखरूप होते. भय होते ते शांततेचे. शांततेत माणसे हळू बोलतात. शांततेत जग काचेपलीकडे जाते, ओठ हलतात, आणि अर्थ येत नाही.

पौषातल्या शेवटच्या कार्यक्रमात, एका निःशब्द टेकडीवर, ती सुरावरून घसरली होती. दोनदा. सुगंधाताईंनी तेव्हा गाणे तसेच पुढे नेले होते. आज मात्र, बोलावले नसताना, गिटार निवडायला बरोबर आल्या होत्या. आणि येताना, बसच्या खडखडाटात, सहज म्हणाल्या होत्या, "तो विट्याचा रणधीर बरा वाजवतो म्हणे. सध्या रिकामाच आहे."

सहज. सुईलाही एवढे बारीक टोक नसते.

दस्तगीरचाचांचे दुकान अरुंद आणि खोल होते, एखाद्या लांबलचक वाद्याच्या पोटासारखे. भिंतींवर सतारी टांगल्या होत्या, कोपऱ्यात तंबोरे एकमेकांना रेलून उभे होते. लाखेचा वास, तुणीच्या लाकडाचा वास, आणि उन्हाच्या तिरक्या पट्ट्यात तरंगणारा सोनेरी भुसा. बापजाद्यांपासून सतारी करत आलेले चाचा गिटारींना पाव्हण्या म्हणत. आल्यात तर राहू देत बिचाऱ्या, म्हणत.

तीन पाव्हण्या त्यांनी फळीवरून खाली काढल्या. हेमांगीने टेप काढली.

"टेप?" चाचा भुवया उंचावून ओरडले; यंत्राच्या किरकिरीत ओरडावेच लागे. "पोलकं शिवायचंय व्हय तिला?"

"मापात बसली पाहिजे, चाचा."

"मापात बसती ती पेटी. वाद्य मांडीत बसतंय, पोरी."

पहिली काळी, चकचकीत, नवी. एकोणऐंशी. फटीत बसणारी, पण तिचा आवाज डब्यात कोंडलेल्या माशीसारखा. दुसरी मधुवर्णा, रुंद कमरेची, हसऱ्या स्वराची. ब्याण्णव. सुगंधाताईंनी तिच्यावरून दोनदा हात फिरवला आणि सुस्कारा सोडला.

तिसरी जुनी होती. मळकट तपकिरी, बारीक चणीची, न बोलणारी. सत्त्याऐंशी. दोन सेंटिमीटर जास्त. तिच्या खांद्याच्या वरच्या कडेवर, मानेच्या अगदी जवळ, पॉलिश उडून लाकूड उघडे पडले होते. रुपयापेक्षा थोडा मोठा, लंबगोल, फिकट ठिपका, दिवसा दिसणाऱ्या चंद्रासारखा.

"कुणाच्या तरी सामानासंगं आली ही," चाचा म्हणाले. "हितलं पॉलिश कसं उडालं, देव जाणे. घासतोय तो हात, आन् तो तर हिकडं खाली. वर खांद्यावर कोण घासणार? थांबा, लाखेचा एक हात देतो, नवी दिसंल." आणि त्यांनी लाखेचा डबा उघडला.

तेवढ्यात वीज गेली.

यंत्राची किरकिर लांबली, घोगरी झाली, थांबली. डोक्यावरचा पंखा एक फेरा, अर्धा फेरा, पाव फेरा घेऊन थांबला. गल्लीतले सारे रान एका क्षणात तोडल्यासारखे आडवे झाले, आणि त्या जागी शांतता उभी राहिली. इतरांना गारव्यासारखी वाटणारी, हेमांगीला पुरासारखी. तिच्या घोट्यापर्यंत आली, गुडघ्यापर्यंत आली, गळ्यापर्यंत आली.

सुगंधाताईंचे ओठ हलले. हेमांगीने ते वाचले. फोन पिशवीत ठेव. त्यात बघून सूर नको लावूस. माझ्या षड्जावर लाव.

म्हणजे परीक्षाच होती. बसमधले वाक्य हा तिचा पेपर होता, आणि ही तोंडी.

तिने तिसरी गिटार मांडीवर घेतली. का, ते तिलाही कळले नाही. कदाचित ती सर्वांत हलकी होती म्हणून. ठेवणीतल्या तारा उतरवून ठेवलेल्या होत्या. सहाही तारा सैल, निजलेल्या.

ताईंनी डोळे मिटले आणि हलक्या आवाजात सा लावला. हार्मोनियमची पांढरी पाच. हेमांगीला तो आकड्यातही ठाऊक होता, सेकंदाला एकशे शहाण्णव कंप. आकडा ठाऊक होता. कंप पोचत नव्हते. ताईंचा गळा किंचित फुगलेला दिसत होता, गळ्याखालची शीर दिसत होती, आणि त्या दोघींमध्ये, हातभर अंतरात, काहीच नव्हते.

तिने खुंटी पिळली. तार छेडली. दूरवर, उशीखाली, काहीतरी किणकिणले. आणखी पिळली. चाचांच्या डाव्या डोळ्याची पापणी लवली. बेसूर ऐकल्यावर कारागिराची लवते तशी. तिने ते पाहिले.

मग ती वाकली. दिवाळीपासून दार लावून ती हेच करत आली होती. मोठ्या गिटारीवर त्यासाठी मान मोडून वाकावे लागे, आणि लोकांसमोर ते जमत नसे. इथे तसे काहीच करावे लागले नाही. गिटार इतकी लहान होती की तिचा खांदा आपणहून वर आला, आणि हेमांगीचा जबडा त्याच्यावर अलगद टेकला.

त्या उघड्या ठिपक्यावर. नेमका. जणू तो ठिपका तिच्या हाडाचा साचा घेऊन बनवला होता.

तिने तार छेडली, आणि लाकडातून जबड्यात, जबड्यातून कवटीत, कवटीतून थेट कानाच्या आतल्या शंखात, त्या हट्टी रिकिबीला वळसा घालून, आवाज आला. आवाज नव्हे, महाद्वार उघडले. जाड तारेचा काळा मखमली गडगडाट, बारीक तारेची चांदीची चमक, पेल्यात पाणी हलावे तसा प्रत्येक स्वराचा काठ. एका तारेवर दुसरी, दुसरीवर तिसरी, अशा सहाही तारा तिने एकमेकींशी जुळवल्या. एक कंप इकडे नाही, एक कंप तिकडे नाही.

तिने मान वर केली. सुगंधाताई तिच्याकडे बघत होत्या. आणि त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हते.

त्या जवळ आल्या. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "तुझ्या तारा एकमेकींशी जुळल्यात. माझ्याशी नाही."

शांतता नाकापर्यंत आली.

"ताई," हेमांगी म्हणाली, "मला ऐकू येत नाहीये. गडबडीत येतं. शांत झालं की नाही येत."

"कधीपासून?"

"दिवाळी."

"दिवाळी!" ताई मटकन स्टुलावर बसल्या. त्यांचे डोळे भरले आणि आवाज तापला. "आणि मी वेडी, मला वाटलं तुझं मन उडालं. टेकडीवर दोनदा घसरलीस, तर मी म्हटलं, झालं, पोरीला कंटाळा आला, आता ही नोकरीच्या अर्जांना लागली. त्या रणधीरला मी उद्या सांगणार होते, कळतंय का? तुला मोकळं करावं म्हणून!"

"मला मोकळं व्हायचं नाहीये."

"मग साथ कशी करणार? माझा सूर तुला ऐकूच येत नसेल तर?"

लाकडातून लाकडाचाच आवाज येत होता. माणसाचा गळा हवेत होता, आणि हवा तिच्या दाराशी येऊन परत फिरत होती. दीड महिन्याचा सातपुडा, शनीची कडी, दुर्बिणीला डोळा लावून 'आई गं' म्हणणाऱ्या म्हाताऱ्या. सारे त्या हातभर हवेपलीकडे राहणार होते.

चाचा त्या ठिपक्याकडे बघत होते, मग हेमांगीच्या जबड्याकडे, मग पुन्हा ठिपक्याकडे.

त्यांनी लाखेच्या डब्याचे झाकण लावले.

मग भिंतीवरून एक सतार उतरवली, आडवी धरली आणि सुगंधाताईंना म्हणाले, "बाई, तो तुमचा सा लावा. हिच्याकडं तोंड करून."

ताईंनी नाक ओढले, पदराने डोळे टिपले आणि सा लावला. थांबल्या. आणि त्या थांबल्यावरही सतार गात राहिली. वरच्या तारा मुक्या होत्या. त्यांच्या तळाशी, पडद्यांखालून गेलेल्या बारीक तारांपैकी एक, फक्त एकच, पहाटेच्या कोळ्याच्या धाग्यासारखी थरथरत होती. हेमांगीने ते ऐकले नाही, पाहिले.

"ही तरफ," चाचा हेमांगीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले. "हिला कुणी छेडत न्हाई. ही ऐकून वाजती." मग गिटारीकडे बोट दाखवले. "त्या पाव्हणीलाबी कान हाईत. भोकाजवळ तोंड न्या आन् गा."

"इथं?" ताई वाकल्या, गिटारीच्या गोल काळोखाकडे पाहून दचकल्या. "विहिरीत हाक मारल्यासारखं वाटतंय, चाचा."

"मारा की. विहीर ओ देती."

हेमांगीने पुन्हा जबडा टेकवला. डोळे मिटले. ताईंचा श्वास तिच्या मनगटावर आला. आणि मग, लाकडाच्या अंतरंगातून, सुगंधाताईंचा आवाज तिच्या हाडांत शिरला.

चार महिन्यांनी. तोच गळा, तळाशी थोडा खरखरीत, वर निरभ्र. इतका जवळ की जणू आपणच गात आहोत. तिने षड्जाची तिसरी तार छेडली; ती आणि तो गळा एकमेकांवर आदळत होते. दोन लाटा, एक उंच, एक बुटकी, आणि त्यांच्यामधला हेलकावा. सेकंदाला चार हेलकावे. तिने खुंटी केसभर पिळली. तीन. आणखी केसभर. दोन. ताईंचा श्वास संपला, त्यांनी नवा घेतला. एक. एकच, लांब, संथ, नावेसारखा.

आणि मग हेलकावा उरला नाही.

तिने तारेवरचे बोट उचलले. ताई गात होत्या, आणि तार, कुणी न छेडता, थरथरत होती.

"आता जुळली," चाचा म्हणाले.

ताई उभ्या राहिल्या, कंबर धरून. "सूर लावायला मी वाकेन. ताल माझ्या पायावर बघ. शब्द ओठांवर बघ. चुकलीस तर कोपर मारीन. आणि परत आलो की डॉक्टरांकडे मी बरोबर येणार, तेव्हा नाटकं नकोत. कळलं? मोठ्यानं सांग."

"कळलं!" हेमांगी ओरडली, आणि तिघेही दचकून हसले.

"पण दोन सेंटिमीटर जास्त भरती की ही," चाचा टेपकडे बघत म्हणाले. "डोकं छाटू का?"

हेमांगीने टेप गुंडाळली. "मांडीत बसेल, चाचा."

"आता बोललीस! आन् ह्या डागावर लाख?"

"नको." तिने ठिपक्यावर तळवा ठेवला. लाकूड उबदार होते, गुळगुळीत, वर्षानुवर्षे टेकलेल्या हाडाने घासून गुळगुळीत झालेले. कुणाच्या, ते चाचांनाही ठाऊक नव्हते. कुणीतरी, कुठेतरी, काचेपलीकडे बसून, याच कडेवर जबडा टेकवून ऐकले होते.

वीज आली. पंखा कण्हत फिरू लागला, यंत्राने पुन्हा किरकिर धरली, गल्लीतले रान पुन्हा उभे राहिले. तरी हेमांगीने मान वर केली नाही, आणि ताई पुन्हा एकदा वाकल्या. गळ्यातून लाकडात, लाकडातून हाडात, तो एकच षड्ज उतरत राहिला. भिंतीवरच्या सतारींच्या तळाशी एकेक तरफ जागी होत राहिली. आणि वर कौलांवर, माघाच्या उतरत्या उन्हात, गोल, गंभीर, गेरूरंगी भोपळे पोटातली पोकळी सांभाळत बसले होते. पहिला स्वर ऐकत, निःशब्द, निश्चल, निवांत.