मी सातवा नग

मी थैला बोलतोय. कॅमेऱ्याचा थैला. बॅग म्हणालात तर ओ देणार नाही. बॅगा चकचकीत असतात, त्यांना चाकं असतात, आणि चाकं लावून मिरवणाऱ्यांचा मला भारी राग आहे. माझा जन्म ट्रकवर घालायच्या ताडपत्रीच्या उरलेल्या तुकड्यातला. शिवणाऱ्याने माझ्या पोटात मोडक्या बसच्या सीटचा फोम कोंबला, दोन बकलं ठोकली आणि एका तरुण फोटोग्राफरच्या डाव्या खांद्याला मला अडकवून दिलं. तेच माझे मालक. शिक्षण म्हणाल तर बेताचंच. स्टुडिओच्या काचेवर 'तातडीने फोटो मिळतील' असं लिहिलेलं होतं, त्यावरून मी अक्षरं शिकलो. पण मी काचेच्या आतल्या बाजूला, म्हणून माझी सगळी अक्षरं उलटी.

उलट्या डोक्याच्या माणसाला असतात तशा खोड्या मलाही आहेत. माझ्या अस्तराला आतून एक भोक आहे. त्यातून मी लेन्सची झाकणं गिळतो. मग मालक भर समारंभात गुडघ्यांवर रांगत खुर्च्यांखाली बघणार. "आत्ता इथंच ठेवलं होतं!"

त्यांची बायको, जिला सगळा स्टुडिओ 'बाई' म्हणतो, ती म्हणणार, "डोकं तरी जागेवर आहे का, ते बघा आधी."

अशी अकरा झाकणं पोटात घालून चाळीस वर्षं मी सगळ्यांची गंमत बघितली. घाबरलो ते एकदाच. पण असा घाबरलो, की अजूनही कुणी केरसुणी उचलली की माझी बकलं वाजतात.

आधी अक्काची ओळख करून देतो. अक्का मालकांची थोरली बहीण. तिनेच त्यांना वाढवलं. मालक नवशिके होते तेव्हा त्यांच्याकडे दिवे नव्हते. मग अक्का एक पांढरी चादर दोन्ही हातांनी ताणून उभी राहायची. खिडकीतला उजेड चादरीवर पडायचा आणि तिथून समोर बसलेल्याच्या तोंडावर. सगळ्या खानदानाचे फोटो असे तिच्या चादरीच्या उजेडात निघाले. आणि एकाही फोटोत अक्का नाही. कुणी ये म्हटलं की म्हणायची, "मग चादर कोण धरणार?"

माझा पट्टा तुटला तेव्हा तिनेच आपल्या जुन्या लाल रेनकोटाची पट्टी कापून मला शिवून दिली. म्हणजे तिच्या हातची निशाणी मी अंगावर वागवतो.

पुढे अक्का मुलाकडे परदेशात राहायला गेली. वीस वर्षं झाली. गेल्या वर्षी भाच्याचा फोन आला. "मामा, आई फार थकलीय. येऊन जा."

मालकांनी फोन ठेवला आणि भिंतीवरचे फोटो एकेक करून बघितले. मग म्हणाले, "अगं, अक्काचा एकही फोटो नाही आपल्याकडे."

झालं. दुसऱ्या दिवशी पलंगावर सामानाचं प्रदर्शन मांडलं गेलं. तीन कॅमेरे, सहा लेन्स, दोन फ्लॅश आणि तो लंगडा ट्रायपॉड. बाई वजनकाटा घेऊन आली.

"विमानात हाताशी सात किलो चालतं. तुमची ती लांब लेन्सची तोफच तीन किलो आहे."

"लांबचं काढायचं म्हटलं तर तोफ लागतेच."

"लांबचं काय काढताय? अक्का तुमच्यासमोर खुर्चीत बसणार आहेत की डोंगरावर चढणार आहेत?"

मालकांनी तोफ कपाटात ठेवली. ठेवताना असा चेहरा केला, जणू पोरीला सासरी धाडतायत. शेवटी एक कॅमेरा, एक छोटी लेन्स, टोकांना चिकटपट्टी लावलेल्या दोन जास्तीच्या बॅटऱ्या आणि फोटो साठवायची दोन कार्डं एवढंच निघालं. बॅटऱ्या मोठ्या सामानात टाकायच्या नाहीत, कॅमेरा नजरेआड करायचा नाही आणि भरलेलं कार्ड रोज संध्याकाळी काढून बाईच्या गळ्यातल्या पाकिटात टाकायचं, असे नियम ठरले. कॅमेरा हरवला तरी चालेल, फोटो राहिले पाहिजेत.

जावयाने एक नवी कोरी बॅग आणून दिली होती. तिच्यावर कॅमेरा कंपनीचं नाव हे एवढं मोठं. बाईने ती लांबूनच बघितली. "ही म्हणजे चोराला आमंत्रण आहे. आत काय आहे ते बाहेर लिहिलंय. आपला थैलाच न्यायचा."

मी फुगलो. पण बाई एवढ्यावर थांबते होय? तिने मला आणखी कळकट करायला घेतलं. चहाचं पाणी शिंपडलं. चांगल्या जागी ठिगळ लावलं. कॅमेऱ्यावर एक डागाळलेला टॉवेल घातला आणि त्यावर जुन्या रबरी चपलांचा जोड ठेवला. "आता उघडलं तरी कुणी हात घालणार नाही."

आत कॅमेरा कुरकुरला, "माझ्या डोक्यावर चपला?"

"गप बस," मी म्हणालो. "जीव प्यारा आहे ना?"

प्रवासात माझी भीतीने गाळण उडाली, पण ती बेतातली. विमानतळावर मला एका काळ्या बोगद्यात ढकललं. आत माझं हाडन् हाड कुणीतरी बघतंय असं वाटलं. पलीकडे एका अधिकारी बाईने चप्पल दोन बोटांत धरून बाहेर काढली आणि मालकांकडे असं काही पाहिलं की मालक कानापर्यंत लाल झाले. पुढे एका उपाहारगृहात बाईने माझा पट्टा मालकांच्या खुर्चीच्या पायात अडकवला. चोराने ओढला तर कळावं म्हणून. चोर आला नाही. मालक मला उचलून उठले, मी ताणलो, खुर्ची धाडकन पडली आणि खुर्चीबरोबर मालकही. मी आतल्या आत इतका हसलो की एक झाकण खुळखुळलं.

अक्काच्या घरी दहा दिवस राहिलो. घर टापटिपीचं, अक्काच्या सूनबाईच्या हातातलं. तिथे चमच्यालाही ठरलेली जागा. बाहेर कडाक्याची थंडी. थंडीतून आत आल्यावर कॅमेरा लगेच थैल्यातून काढला तर काचेवर दव धरतं, म्हणून मालक मला दारापाशी चपलांच्या मांडणीजवळ तासभर तसंच ठेवायचे. पण का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. चोर नको म्हणून आत काय आहे हेही बाईने कुणाला सांगितलं नाही. घरच्यांनाही नाही.

अक्का काही फोटोला बसेना. "केस बघ माझे." "आज नको, डोळे सुजलेत." नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी दुपारी ती आपणहून खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसली. बाईने चादर धरली. अक्का तिलाच सूचना देत राहिली. "उजवा हात वर. अगं, ताण की!" मालकांनी फोटो काढला. चेहरा जरा ताठ आला, पण आला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

त्या संध्याकाळी सामान बांधायची घाई झाली. सगळ्यांचे डोळे ओले. "कार्ड काढलंत का?" असं बाईने विचारलं.

"उद्या सकाळी रस्त्याचे दोन-चार फोटो काढतो, मग एकदमच देतो."

घोळ झाला तो इथेच.

सकाळी मालक मला घेऊन बाहेर फिरून आले आणि सवयीने दारापाशी ठेवून वर गेले. त्या रस्त्याला तो कचऱ्याच्या गाडीचा दिवस. सूनबाई रद्दीचे गठ्ठे बाहेर नेत होती. तिने मला पाहिलं. ठिगळ पाहिलं. झाकण वर करून चपला आणि टॉवेल पाहिला. मग पुटपुटली, "मामींनी जाताना टाकायला काढून ठेवलेलं दिसतंय."

मी ओरडलो. थैल्याचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? तिने मला गठ्ठ्यांबरोबर उचललं आणि फुटपाथवर नेऊन ठेवलं.

"आपण कुठं आहोत?" आतून कॅमेऱ्याने विचारलं.

"विमानतळावर."

"मग हा वास कसला?"

"परदेशी वास आहे. तू झोप."

समोर गाडीत सामान चढत होतं. बाईला मोजायची सवय. कुठूनही निघताना ती बोट नाचवत नग मोजते. येताना सात होते. दोन मोठ्या बॅगा, दोन लहान, कोटांची पिशवी, तिची पर्स आणि मी. मला हायसं वाटलं. आता सहाच भरतील आणि शोधाशोध होईल.

"पाच… सहा… सात! झाले सगळे. चला!"

सात? अहो, सातवा मी! मग दिसलं. सूनबाईने निघताना प्रेमाने भेटवस्तूंची एक नवी पिशवी भरून दिली होती. ती माझ्या जागेवर ऐटीत बसली होती. भाचा गाडी चालवायला, सूनबाई निरोप द्यायला बरोबर. दारं लागली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

मी एवढा एकटा कधीच नव्हतो.

रस्त्याच्या टोकाला कचऱ्याची गाडी आली. तिच्या मागे लोखंडी जबडा. एक माणूस घराघरापुढचं उचलून आत फेकायचा, मग जबडा मिटायचा. एक खुर्ची आत गेली. तिची हाडं मोडल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. दहा घरं उरली. नऊ.

तेवढ्यात एक माणूस फुटपाथवरून आला. इकडेतिकडे बघत माझ्यापाशी वाकला. नजर अशी, की बाईने बघताक्षणी पर्स छातीशी धरली असती. जन्मभर ज्या चोराच्या जातीला भ्यायलो ती माझ्यासमोर उभी, आणि मी मनातून हात जोडले. घे रे बाबा! उचल! पळवून ने! निदान कार्ड तरी जगेल! त्याने झाकण उघडलं, चप्पल पाहिली, नाक मुरडलं आणि हात कोटाला पुसत निघून गेला. बाईचं काम असं चोख.

पाच घरं. कॅमेऱ्याला आता सगळं कळलं होतं. तो टॉवेलात आणखी आत सरकला. मी शपथ घेतली. यातून वाचलो तर सगळी झाकणं परत करीन. अकराच्या अकरा.

तीन घरं. दोन.

दार उघडलं. अक्का बाहेर आली. डोक्याला लोकरी टोपी, पायात घरातल्या सपाता, हातात काठी नाही. खिडकीजवळच्या खुर्चीवर कालची चादर होती, तीच तिने थंडी म्हणून अंगाभोवती ओढून आणली होती. तिला जवळचं दिसत नाही, पण लांबचं अजून लख्ख दिसतं. खिडकीतून तिला कचऱ्यात आपल्या रेनकोटाचा लाल पट्टा दिसला होता.

"थांब रे मेल्या! ते माझ्या भावाचं आहे!"

गाडीवाल्याला एक अक्षर कळलं नाही. त्याने भोंगा वाजवला. अक्का रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि तिने दोन्ही हातांनी चादर ताणली. जबडा माझ्यापासून चार हातांवर थांबला.

तिकडे काय झालं ते मला बाईने विमानात तीनदा सांगितलं, म्हणजे मालकांना सांगितलं. गाडीत मालक सारखे डावा खांदा चोळत होते. "काहीतरी हलकं लागतंय गं."

"अहो, सात नग मोजलेत मी."

"नग सात असतील. खांदा हलका आहे."

सूनबाईने घाबरत विचारलं, "मामी, ते चपला ठेवलेलं… ते टाकायचं नव्हतं?" भाच्याने तिथेच गाडी फिरवली.

मालक गाडी थांबायच्या आत उतरून धावले. मला वाटलं, मला कवटाळणार. छे! चपला हवेत उडवून त्यांनी कॅमेरा काढला आणि मला अक्काच्या पायाशी टाकलं. सकाळचं ऊन समोरून येत होतं. हनुवटीखाली ताणलेल्या चादरीवरून ते अक्काच्याच तोंडावर पडलं होतं.

"अक्का, हलू नकोस."

"हलू नकोस काय, धाकट्या? हात भरून आलेत माझे! ही चादर कोण धरणार?"

"तूच धर."

ती हसली. त्याच क्षणी कॅमेरा वाजला.

सूनबाई रडायलाच लागली. बाई म्हणाली, "तुझी काय चूक? मीच हात धुऊन मागे लागले होते याच्या."

"हिचं काम चोखच हो," अक्का धापा टाकत म्हणाली. "घाण करायची म्हटलं तरी."

विमान मिळालं, पण पळत पळत. कार्ड बाईच्या गळ्यातल्या पाकिटात होतं आणि पाकीट तिने मुठीत धरलं होतं. फुटपाथवर आपटताना माझं अस्तर उसवलं होतं. झाकणं मालकांच्या मांडीवर सांडली. दहा. एक मी ठेवलंय. शपथेबिपथेचं ठीक आहे, पण म्हातारपणी काही तरी विरंगुळा हवा ना.

अक्का पुढच्या थंडीत गेली.

आता मी स्टुडिओत खुंटीला असतो. केर काढायची वेळ झाली की अंग चोरतो. प्रवासाला निघणाऱ्यांना एवढंच विनवतो. लपवायचं ते खुशाल लपवा, पण ज्यांच्या घरी उतराल त्यांच्या कानात सांगून ठेवा. आणि कार्ड उद्यावर टाकू नका. उद्या कचऱ्याची गाडी येते.

काचेजवळ अक्काचा तो फोटो लावलाय. खिडकीतला नव्हे, रस्त्यातला. गिऱ्हाइकं थांबून बघतात. परवाच एक जण म्हणाला, "काय सुंदर आलाय हो! फक्त खाली कोपऱ्यातला तेवढा कचरा कापून टाका."

मालक चष्मा पुसत म्हणाले, "कचरा नाही तो."

नाहीच. लाल पट्टा नीट बघा. तो मी आहे.