रुखवतातलं शेवटचं गाणं

हसनाबादच्या पुंजारामाकडं टेपरेकॉर्डर होता, त्या काळात लग्नाचं पहिलं आवतण टेपाला जायचं. नवरदेवाला घोड्यावरून उतरवून त्या जागी टेप बसवलेला मी स्वतः पाहिलाय. नवरदेव मागून पायी येत होता आणि त्यानं फारसं मनाला लावून घेतलेलं दिसलं नाही. सेल उतरले की पुंजाराम ते पत्र्यावर उन्हात ठेवायचा. धावड्याच्या एका लग्नात ऊन असं कडक होतं की सेल गरजेपेक्षा जास्त भरले आणि टेप बंद केल्यावरही अर्धं गाणं वाजत राहिलं.

ही गोष्ट त्याच लग्नाची. साल त्र्याऐंशी. नवरी धावड्याच्या तुळजाबाईची पुष्पा आणि नवरा हसनाबादच्या चतुराबाईचा लेक. रुखवत मांडला तशा दोन्हीकडच्या बायका समोरासमोर बसल्या. एकीनं गाण्यातून टोमणा हाणायचा, दुसरीनं त्याच चालीत फेडायचा. जिला उत्तर सुचलं नाही, ती हरली. या दोघी विहिणींनी त्यात एक अट वाढवली : जी हरेल तिनं आधी दुसरीच्या दारात यायचं. मग काय, जेवणं खोळंबली, भाताची ढेकळं झाली. वऱ्हाडाचा ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा त्याच्या आवाजात गाणी बुडाली. शेवटचं गाणं कोणाचं, यावर दोघींचं बिलकुल एकमत होतं : माझं.

तेव्हापासून कोणी कोणाच्या दारात गेलं नाही. भोकरदनच्या बाजारात गाठ पडली तर बोलणं भाजीवाल्यामार्फत चाले.

"भाऊ, ह्या बाईला सांग, वांगे मी आधी निवडून राह्यले."

"भाऊ, तिला म्हन, निवडायची अक्कल आसती तर इहीण बरी निवडली आसती."

दोन हजार चारात पुष्पाबाईच्या रजनीचं लग्न ठरलं. मांडव हसनाबादला, म्हणजे चतुराबाईच्याच दारात. तुळजाबाईनं धावड्याहून निरोप पाठवला की नातीला आशीर्वाद इथूनच देते. चतुराबाई म्हणाली, "हरले म्हनावं, मंग यावं. म्या कव्हा न्हाई म्हनले?"

पुष्पाबाई पुंजारामाकडं आली. "तात्या, माझ्या रुखवतातली गाणी तुम्ही टेपवर भरून घेतली होती, ती कॅसेट आहे का?"

"आहे की. लिंबाच्या पाल्यात ठेवलीय, कसर लागू न्हाई म्हनून."

"वाजवा एकडाव दोघींसमोर. कोन बी हरू द्या. मला दोघी एका मांडवात पायजेत."

पण एवढा मोठा पुरावा जुन्या फितीवर ठेवायचा धीर पुंजारामाला होईना. बदनापूरच्या मुकुंदरावांच्या घरी कॉम्प्युटर होता. ते म्हणाले, "काका, सीडी करून देतो. शंभर वर्षं चिंता नाही." मुकुंदराव टापटिपीचा माणूस. त्यांनी मधलं खोकणं, कुत्रं, ट्रॅक्टर सगळं काढून टाकलं आणि एकेक गाणं सुटं केलं. पुंजाराम सीडी घेऊन आला, सोबत ती वाजवायचं मशीनही. गाणी सीडीत गेली म्हणजे कॅसेट रिकामी झाली, असा त्याचा सरळ हिशेब. रिकामी चीज वाया कशाला घालवायची, म्हणून त्यानं तिच्यात रेडिओवरचा कापसाच्या बोंडअळीचा कार्यक्रम भरून घेतला.

ठरल्या दिवशी त्याच्या ओसरीवर दोघी दोन टोकांना बसल्या. मध्ये पुष्पाबाई. बाकी गाव अंगणात. पुंजारामानं रिमोट घेतला. त्यावर एक बटण होतं, दोन बाण एकमेकांत गुंतलेले. ते चित्र त्याला आवडलं, म्हणून आधी तेच दाबलं.

गाणी वाजली, संपली. शेवटी तुळजाबाईचा आवाज. तिनं शांतपणे पदर सावरला.

"पुष्पे, तुझ्या सासूला सांग, वाट सोपी आहे. फाट्यावर धावड्याची जीप भेटती."

"पुन्यांदा लावा," चतुराबाई म्हणाली.

पुन्हा लावलं. या खेपेला शेवटी चतुराबाई. तिसऱ्यांदा तुळजाबाई. कोणीतरी म्हणालं, मशीन दोन्हीकडून खाऊन राह्यलं. मग एका शाळकरी पोरीनं सांगितलं, ते बाणाचं बटण दाबलं की गाणी वाटेल तशी उलटसुलट लागतात. ते बंद करून पुंजारामानं मुकुंदरावांना फोन लावला.

"आता लागतील ती बराबर ओळीनं लागतील ना?"

"अगदी ओळीनं. मी सगळी बाराखडीप्रमाणे लावलीत."

"आन् लग्नात होती तशी?"

"तशी तुमच्या कॅसेटमध्ये असतील की."

पुंजारामानं फोन ठेवला. मग कॅसेटही लावून झाली. सगळ्या गावानं बोंडअळीबद्दल ऐकून घेतलं. पुष्पाबाई डोक्याला हात लावून बसली.

काही सुचेना म्हणून पुंजारामानं सीडी पुन्हा चालू केली. तरुणपणीची तुळजाबाई गायला लागली :

इहीणबाईच्या करंज्या, जसे नदीतले गोटे,
खाता खाता वऱ्हाडाचे सुजले की ओठे

आणि त्यावर बाराखडीनं आलं ते चतुराबाईचं गाणं नवरीच्या मामाच्या मिशीवर. चतुराबाईला राहवेना. "हे याचं उत्तर न्हाई. याचं उत्तर मी हे दिल्तं." आणि तिनं मशीनच्या वर आवाज काढला :

इहीणबाईचा चहा, बशीचं फूल दिसे,
साखरेच्या डब्याला तिच्या कुलूप आसे

"हे दिल्तं म्हने. हे आत्ता जुळवलं," तुळजाबाई म्हणाली. वीस वर्षांत पहिल्यांदा सरळ तिच्याकडं बघून. आणि तिनं कुलपावर गाणं टाकलं. चतुराबाईनं किल्लीवर टाकलं. मशीन कधी बंद केलं, कोणाच्या ध्यानात आलं नाही. दोघींचे आवाज असे चढले की हसनाबादच्या म्हशींनी त्या सांजेला दूध दिलं नाही आणि धावड्याच्या म्हशींनी दुप्पट दिलं, हे मी दोन्ही गावांत विचारून खात्री केलेलं आहे.

जीप निघायची वेळ झाली तेव्हा दोघींचे घसे बसले होते.

"ऱ्हायलं अर्धं," चतुराबाई म्हणाली.

"रजनीच्या रुखवताला पुरं करू. माझ्या बायका घेऊन येते."

"ये. जागा धरून ठेवते. हरलेल्यांची वायली."

तुळजाबाई आली, लग्नाच्या दोन दिवस आधीच, धावड्याच्या अर्ध्या बायका घेऊन. चतुराबाईच्या दारातून आत शिरताना ती म्हणाली की हे येणं नव्हे, लढाईला उतरणं आहे.

पुंजारामाला आवतण द्यायला पुष्पाबाई स्वतः गेली. तो टेप पुसत बसला होता. म्हणाला, या खेपेला मधी कायबी तुटणार न्हाई, शेवटचं गाणं पक्कं धरतो.

"तात्या, तुम्ही या. टेप घरी ठेवा."

"का गं? कव्हातरी निकाल लागला पायजे."

"माझ्या धाकट्या पोराचं लग्न ऱ्हायलंय अजून," पुष्पाबाई म्हणाली.