वैजनाथ सरांचा ग्लास

धायरीतल्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बारशालाही जमत नाही एवढी गर्दी, आणि तीही वेळेवर! टेबलावर पाण्याचा ग्लास. वैजनाथ सरांनी त्यात बाटलीतून तपकिरी थेंब टाकले. पाणी कोऱ्या चहासारखं झालं.

"हे तुमचं रक्त!" सर गरजले. "वर्षानुवर्षांचं विष! आणि हे आमचं 'हरितप्राण'. बेचाळीस भाज्या, एक चमचा!"

चमचाभर भुकटी पडली, ढवळली. पाणी नितळ! हॉलभर "अगं बाई!" झालं.

"निसर्ग कधी पैसे मागत नाही!" सर म्हणाले.

"मग डबा फुकट द्या की," मागून एक काका म्हणाले. टाळ्यांत ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

दहावीत शिकणारी मैत्री भिंतीला टेकून बघत होती. बेचाळीस भाज्या आणि भुकटी पांढरीफेक?

पहिल्या रांगेत तिची आजी, हिराबाई. नागपूर सोडून वर्ष झालं होतं. आई-बाबा कंपनीत, मैत्री शाळेत, मग क्लासला. आजी दिवसभर गॅलरीतून पार्किंगमधल्या गाड्या बघायची. या हॉलच्या दारात मात्र कुणीतरी "या हिराताई, बसा!" म्हणायचं. शेवटी पोहेही मिळायचे.

गुरुवारी तांदळाच्या डब्यात मैत्रीला शुगरच्या गोळ्यांची पाकिटं सापडली. न फोडलेली.

"आजी, हे काय?"

"सर म्हणाले, गोळ्या म्हणजे विषच. बारा दिवस झाले, सोडल्या."

आजीच्या टाचेवरची चपलेची जखम अजून ओलीच होती. ते बघून मैत्री औषधांच्या कपाटाकडे धावली. तिने जखमेवरचं तपकिरी औषध आणलं, कापसावर घेतलं आणि थांबली. हाच रंग! तिने आजीच्या 'हरितप्राण'च्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचली, दोन थेंब पाण्यात टाकले, वर लिंबू पिळलं. पाणी नितळ. स्वयंपाकघरात ती एकटीच उडी मारून ओरडली, "येस!"

पुढच्या रविवारी सरांनी थेंब टाकले आणि मैत्री उठली.

"सर, आज मी ढवळू?"

"बाळ, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये."

"मध्ये कुठे? मी ग्लासपाशी बोलतेय."

"करू द्या हो," मागचे काका म्हणाले. "निसर्गाला काय भीती?"

शेजारी मांडलेल्या पोह्यांच्या ताटांतल्या लिंबाच्या चार फोडी उचलून तिने ग्लासात पिळल्या. तपकिरी रंग फिका झाला, मग गेलाच. कुणी टाळी वाजवली नाही.

"थेंब आयोडीनचे आहेत, जखमेवर लावतात ते. क-जीवनसत्त्व त्याचा रंग घालवतं. लिंबात आहे, आणि भुकटीतही घातलंय, डब्यावर बारीक अक्षरात छापलंय. यात रक्त नाही, विषही नाही. माझ्या आजीने मात्र यापायी पंधरा दिवस गोळ्या घेतल्या नाहीत!"

सरांना अचानक कोथरूडचा कार्यक्रम आठवला. ते गेले. मग लोक गेले, कुणी कुणाकडे न बघता. पोहे तसेच राहिले. "या हिराताई" म्हणणाऱ्या बाई खुर्च्या रचत राहिल्या.

जिना चढताना आजी थांबली. "बरोबर केलं, माय. पण आता रविवारी मले कोण बोलावते?"

मैत्रीचा सगळा आनंद पायरीवरच बसला. ग्लासातलं कोडं तिला चार दिवसांत सुटलं होतं. वर्षभर शेजारच्या खोलीतलं आजीचं एकटेपण दिसलं नव्हतं.

त्याच दुपारी दोघी डॉक्टरांकडे गेल्या. गोळी सुरू झाली, जखमेवर पट्टी बसली. आता रविवारी मैत्री गॅलरीत मेथीची जुडी घेऊन बसते आणि हाक मारते, "या हिराताई, बसा!" आजी स्वतःशीच हसते आणि येते.

मेथी खा, डाळी खा, जवसाची चटणी खा. अंगाला चांगलंच आहे, त्याला चमत्कार लागत नाही. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. कुणी ग्लासात जादू दाखवली, तर आधी विचारा, यात घातलं काय? आणि घरातलं माणूस परक्या दारात "या, बसा" ऐकायला जात असेल, तर ते दोन शब्द आधी घरात म्हणा.