ढगोबाची हकालपट्टी

मित्रांनो, मी संगणक आहे. जुना आहे हे वेगळं सांगायला नको. माझा पंखा सुरू झाला की शेजारचे लोक खिडकी लावून घेतात. आपली कहाणी सांगताना वस्तूंनी गहिवरून यायची पद्धत आहे. मी गहिवरणार नाही. मला राग आला आहे, आणि तो मी शांतपणे सांगणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्याच दिवशी माझ्यासारखे आणखी चार हजार जन्मले, त्यामुळे कुणी कौतुक केलं नाही. पाठीवर आकडा चिकटवून खोक्यात भरलं. खोकं उघडलं ते कवळ्या बनवणाऱ्या एका कारागिराच्या खोलीत. त्यांना सगळे दातकाका म्हणतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचं माप पाठवतात, काका त्यावरून प्लास्टरचा जबडा ओततात, त्यावर गुलाबी मेणात एकेक दात बसवतात, आणि माणसाला पुन्हा चावता येऊ लागतं. मेणाचा नमुना हातून पडला, मोडला, तरी काका कधी हळहळत नाहीत. "साचा आहे ना?" एवढंच म्हणतात आणि नवा करायला घेतात. हे वाक्य लक्षात ठेवा. याच वाक्याने पुढे घात केला.

माझ्याकडे फोटो सांभाळायचं काम होतं. कुणाचे दात पूर्वी कसे होते, कुठला पिवळा होता, कुठला पुढे आला होता, सगळं माझ्या पोटात. पहिली काही वर्षं माझं फार कौतुक झालं. काका डॉक्टरांना सांगायचे, "माझं डोकं म्हणजे हा." प्लास्टरची धूळ बसू नये म्हणून माझ्यावर स्वच्छ टॉवेल टाकायचे. मग कधीतरी त्यांच्या लक्षात आलं की मी वरून गरम असतो. त्या दिवसापासून ओले प्लास्टरचे जबडे माझ्या डोक्यावर वाळत ठेवले जाऊ लागले. मित्रांनो, कित्येक वर्षं मी लोकांचे जबडे डोक्यावर वागवतो आहे. ही तक्रार नाही. तक्रार पुढे आहे.

एके दिवशी सकाळी मी चालू झालो तर घड्याळाच्या शेजारी एक छोटा निळा ढग बसलेला. फोटो, कागद वगैरे वर कुठेतरी साठवून ठेवणारं ते ॲप होतं. कुणी बोलावलं नव्हतं. माझ्या दुरुस्तीबरोबर आलं आणि लगेच विचारू लागलं, "सुरुवात करायची?" खाली दोन बटणं: 'हो' आणि 'नंतर'. 'नाही' नव्हतंच. काकांनी अकरा दिवस 'नंतर' दाबलं. बाराव्या दिवशी हाताला प्लास्टर लागलेलं, समोर डॉक्टरांचा माणूस खोळंबलेला, फोन वाजतोय. काकांनी कोपराने 'हो' दाबलं.

त्याचं नाव मी ढगोबा ठेवलं. पाहुणा म्हणून आला आणि दोन दिवसांत माझ्या खोल्यांना स्वतःच्या पाट्या लावून मोकळा झाला. माझ्या समोरच्या पडद्यावरच्या वस्तू त्याच्या घरात, माझे कागद त्याच्या घरात. मग म्हणाला, तुझ्याकडे जागा कमी आहे, फोटो वर नेतो. वर नेले. माझ्याकडे राहिली नुसती टरफलं: चित्र दिसतं, नाव दिसतं, आत काही नाही. काकांनी फोटो उघडला की ढगोबा वरून तो घेऊन यायचा आणि जणू आत्ताच काढून आणला अशा थाटात दाखवायचा.

त्यातून तो हुशार. एकदा त्याने एका निवृत्त पोस्टमनची खालची कवळी आणि गाण्याच्या बाईंची वरची कवळी शेजारी ठेवून विचारलं, "ही एकच व्यक्ती आहे का?" काका सज्जन माणूस. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ विचार केला.

स्फोट झाला तो एका मुख्याध्यापिकेमुळे. बाई नव्या कवळीचे दात निवडायला आल्या होत्या, अगदी माझ्यासमोर बसल्या होत्या. ढगोबाला तोच मुहूर्त सापडला. पूर्ण पडद्यावर व्हायोलिन सुरू झालं, 'चार वर्षांपूर्वी, आजच्या दिवशी: सुंदर क्षण' अशी अक्षरं उमटली, आणि बाईंचा स्वतःचा बोडका जबडा सावकाश जवळ येऊ लागला. कडेने फुलपाखरं उडत होती.

बाई म्हणाल्या, "हे तुम्ही सगळ्यांना दाखवता का?"

काकांनी घाईघाईने व्हायोलिन बंद केलं. बाई गेल्यावर दार लावलं आणि मला म्हणाले, "इथलं सगळं उडवतो. वर आहेच. साचा आहे ना?"

मित्रांनो, कारागिराच्या हिशेबाने त्यांचं बरोबर होतं. इथला मेणाचा नमुना मोडला तरी तिथला साचा शाबूत राहायला हवा. पण ढगोबाच्या घरात नमुना आणि साचा एकच. इथे काही पुसलं की तो वरही पुसतो. 'सगळीकडून पुसलं जाईल' अशी सूचना तो दाखवतो. पण तिच्याखालच्या 'हे पुन्हा दाखवू नका' या चौकोनात काकांनी मागे कधीतरी खूण करून ठेवली होती. काकांनी सगळे फोटो निवडले आणि पुसले. एरवी एक फोटो आणायला मिनिटं लावणाऱ्या ढगोबाने सहा हजारांवर फोटो डोळ्याचं पातं लवायच्या आत वरून काढून टाकले. मग काकांनी पडद्यावरचं त्याचं चित्रही काढलं आणि ॲप गेलं असं समजून हात धुतले. दारावरची पाटी काढली म्हणजे भाडेकरू गेला, असं समजण्यापैकी हे होतं. घड्याळाशेजारी तो बसलेलाच होता.

मला ओरडायचं होतं. माझ्याकडे फक्त पंखा आहे. मी तो सोडला. काका म्हणाले, "आज गरम होतंय याला," आणि डोक्यावर आणखी दोन जबडे ठेवले.

एकोणतीस दिवस कुणाला काही कळलं नाही. मग ताई आल्या.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. त्यांचे उरलेसुरले दात तीन महिन्यांपूर्वी काढले होते. हिरड्या भरून आल्या होत्या आणि काकांनी मेणात दात बसवून ठेवले होते. ते तोंडात घालून बघायचे होते. ताईंचे यजमान बाहेर पायरीवर बसले. काकांची लेक त्यांना आतोबा म्हणते. त्यांना ऐकू येत नाही, फक्त एक आवाज येतो: ताईंची शिट्टी. ताईंच्या पुढच्या दोन दातांत काडेपेटीची काडी जाईल एवढी फट होती, डावा दात किंचित पुढे आलेला, आणि त्या फटीतून त्या अशी शिट्टी घालायच्या की आतोबा तीन गल्ल्या पलीकडून जेवायला यायचे. दात गेले, शिट्टी गेली. तीन महिने ताई त्यांना शोधायला पायी हिंडत होत्या.

काकांनी फट आठवणीने केली होती. ताईंनी मेणाचे दात घातले, आरशात पाहिलं, फुंकर मारली. फुस्स.

"ही कोण बाई आणलीस?" ताई म्हणाल्या.

"ताई, फट ठेवलीय की."

"फट नाही, खिडकी ठेवलीयस. डावा दात पुढे आलेला होता माझा. स्कूटरवरचा फोटो बघ ना."

तो फोटो माझ्याकडे होता. सव्वीस वर्षांच्या ताई स्कूटरवर बसून तोंडभर हसतायत. कागदी फोटो घर बदलताना हरवला होता, राहिली होती फक्त काकांनी माझ्यात उतरवून घेतलेली प्रत. काका माझ्याकडे वळले. फोटोंची जागा मोकळी होती. माझी कचरापेटीही मोकळी होती. टरफलं तिच्यात येत नाहीत. काकांनी ढगोबाचं घर उघडलं. तिथेही काही नाही. काका खुर्चीत बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले.

"पुसलास?" ताईंनी विचारलं.

"साचा राहील असं वाटलं."

ताईंनी मेणाचे दात काढून त्यांच्या हातात ठेवले. "राहू दे. मी जाते त्यांना शोधायला, नेहमीसारखी." आतोबा तेव्हा पाच पावलांवर होते, पण मुद्दा कळला.

काकांनी लेकीला फोन केला. ती बस चालवते. ड्यूटी संपवून दुपारी गणवेशातच आली. तिचं एक आहे, मागे पाहिल्याशिवाय ती काहीच मागे घेत नाही.

"बाबा, कधी पुसलेत?"

"मुख्याध्यापिका आल्या होत्या त्या दिवशी."

"तारीख सांगा. मला मुख्याध्यापिका मोजता येत नाहीत."

तारीख निघाली. लेकीने ॲप सोडून थेट वेबसाइट उघडली आणि तिथली कचरापेटी पाहिली. तिथे पुसलेलं तीस दिवस राहतं. फोटोंवर लिहिलं होतं: एक दिवस शिल्लक.

"आत्या, बस," ती म्हणाली. "आधी प्रवासी खाली उतरवू. मग गाडी भंगारात."

सगळे फोटो तिने कचरापेटीतून परत घेतले आणि खाली आणायला लावले, एक प्रत माझ्यात, एक वेगळ्या छोट्या डिस्कवर. माझ्याकडे जागा व्हावी म्हणून तिने आधी माझे जुने अडगळीचे कोपरे साफ केले. मित्रांनो, नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं की माझ्याकडे जागा का नाही. मी पूर्ण ताकदीने चाललो. पंखा असा ओरडला की डोक्यावरचे जबडे थडथड वाजू लागले. ताई म्हणाल्या, "हे सगळे बोलतायत काय गं?"

शेवटी लेकीने मोजलं. वर सहा हजार दोनशे चौदा, खाली सहा हजार दोनशे चौदा. तरी तिचा विश्वास नाही. इंटरनेटची वायर काढली आणि मधूनमधून फोटो उघडून पाहिले. टरफल असतं तर उघडलं नसतं. स्कूटर उघडली. काका भिंग घेऊन पडद्याला नाक लावून बसले.

मग वायर पुन्हा जोडून तिने ढगोबाकडे मोर्चा वळवला. माझ्या खोल्या त्याच्या घरातून काढून मूळ जागी नेल्या. त्याच्या खात्यातून बाहेर पडली. मी चालू होताना तो आपोआप उठायचा, ते बंद केलं. मग ॲप काढायला घेतलं, तर त्याने विचारलं, "आम्हाला सोडून का जाताय? कारण निवडा." आठ कारणं होती, त्यात 'तुम्ही घरात घुसलात' हे नव्हतं. काका भिंग न काढता सांगू लागले, "लिही, की अहो गृहस्थ..."

"बाबा, शंभर अक्षरांत."

"मग नुसतं निर्लज्ज लिही."

मला बंद करून चालू केलं. ढगोबाचं रिकामं कपाट मागे राहिलं होतं, ते काढलं. कडेच्या यादीत नाव राहिलं होतं, ते काढलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. घड्याळाशेजारी कुणी नव्हतं. नऊ वर्षांच्या मशीनला एवढ्यावरून आनंद होतो, यावरून काय दिवस काढले असतील ते समजा.

चार दिवसांनी ताई पुन्हा आल्या. काकांनी डावा दात केसभर पुढे आणला होता. ताईंनी नवीन मेणाचे दात घातले, आरशात पाहिलं. मग शिट्टी घातली.

बाहेर पायरीवरून आतोबा उठले, आत आले आणि म्हणाले, "वाढलंय का?"

ताई हसल्या. अगदी स्कूटरवरच्या, सव्वीस वर्षांच्या ताईंसारख्या.

तर मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. जे आपलं आहे ते आपल्या घरी ठेवा, एक प्रत वेगळी ठेवा, आणि कुणाला हाकलायचं असेल तर आधी आपलं सामान त्याच्याकडून परत घ्या, मोजा, उघडून पाहा. 'नाही' म्हणायचं बटण जो देत नाही, त्याला 'हो' म्हणू नका, कोपरानेसुद्धा.

आणि दातकाका, हे तुम्ही वाचत असाल तर, माझ्या डोक्यावरचे ते जबडे खाली घ्या.