तळ्यातला हात आणि आबाजींचे डोळे

मित्रांनो, मला पाहायला सगळं घर जमतं, पण मला काय दिसतं हे आजवर कुणी विचारलेलं नाही. मी एक जुना टीव्ही आहे. बत्तीस इंची, डाव्या कडेला एक उभी हिरवी रेघ असलेला. एका कारखान्यात लांबच लांब टेबलावर माझे स्क्रू आवळले गेले आणि दसऱ्याच्या दिवशी मी नागपूरच्या तांडापेठेत नत्थूजींच्या घरी आलो. त्यांच्या सुनेने, वंदनाताईंनी, मला हळदकुंकू लावलं. पुढे वर्षभर माझ्या अंगावरची धूळ त्या रोज सकाळी स्वतः पुसत.

नत्थूजी हातमागावरचे विणकर. माग घरातून जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण नजर विणकराचीच राहिली. बातम्या लागल्या की ते बातमी ऐकत नसत, बातम्या देणाऱ्या बाईच्या साडीची किनार बघत. "हे पावरलूमचं हाय," एवढं म्हणायचे आणि विषय संपायचा. माझं कौतुक पुष्कळांनी केलं, पण माझ्यातलं कापड पाहणारा माणूस तो एकच.

मग घरातल्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला आणि मला कुणी विचारीनासं झालं. दोन-दोन दिवस मी नुसता भिंतीवर असायचो. मागच्या उन्हाळ्यात मात्र हिमानीने, नत्थूजींच्या नातीने, माझ्या पाठीत इंटरनेटची एक बोटाएवढी काडी खोचली आणि माझं नशीब उघडलं. त्या काडीतून आली आर्थर राजाची मालिका, हिंदी बोलणारी. दगडात रुतलेली तलवार, ती उपसणारा पोरगा, गोल टेबलाभोवती बसलेले सरदार, धुकं आणि जादू. दर रविवारी दुपारी नवा भाग यायचा. हिमानीच्या कॉलेजातले रितिका आणि दुर्गेश धावत यायचे. दुर्गेश तर मे महिन्यात पाठीवर रग पांघरून सरदार होऊन बसायचा आणि घामाने निथळायचा.

मित्रांनो, तुम्ही पडदा बघता, मी चेहरे बघतो. तलवार दगडातून निघाली तेव्हा या तिघांचे चेहरे असे झाले होते की मीच भारावून गेलो. रितिकाचा हात पोह्यांच्या बशीत तसाच राहिला होता. माझ्या खालच्या फळीवर हिमानी मोबाइल उभा करून ठेवायची. मालिका बघताना आपली तोंडं कशी होतात ते टिपायचं आणि जगाला दाखवायचं, अशी त्यांची रीत. मला गंमत वाटायची. जे मी जन्मभर बघत आलो, ते त्यांना आत्ता सुचलं होतं.

सगळ्यांत पुढे, पाटावर, नत्थूजी. दर रविवारी पाट वीतभर पुढे सरकायचा.

"आबाजी, मांगं सरका ना. डोळे खराब होतीन," हिमानी म्हणायची. वंदनाताईही स्वयंपाकघरातून तेच ओरडायच्या. नत्थूजी हसायचे आणि बसल्या जागी बसून राहायचे.

डोळे खराब झालेलेच होते. इतक्या जवळून ते फक्त मला दिसत होतं. बुबुळांवर दुधाची साय धरावी तसा मोतीबिंदू पसरला होता. पोरांनी श्वास रोखला की ते अर्धा क्षण उशिरा "वा" म्हणायचे. किनारीबद्दल बोलणं तर कधीच थांबलं होतं. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा फार पूर्वी एका शिबिरातल्या ऑपरेशनात गेला होता. घरात कुणी नसलं की ते देवाच्या तसबिरीपुढे बसून म्हणायचे, "राहिलेला उजेड तरी राहू दे." मी ऐकायचो. माझ्यातून हजार माणसं बोलतात, पण माझा स्वतःचा आवाज नाही. मला फार वाईट वाटायचं.

मग तळ्याचा भाग आला. त्या दिवशी ऊन असं होतं की गल्लीत चिटपाखरू नव्हतं. हिमानीने पडदे ओढले आणि नीट ऐकू यावं म्हणून कूलरही बंद केला. माझ्यात काळं, शांत तळं पसरलं. पाण्यातून एक हात वर आला, आणि त्या हातात तलवार. दिग्दर्शकाने तिथे संगीत ठेवलं नव्हतं, शब्दही नव्हता. दुर्गेशने हात जोडले होते. रितिकाच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी इतकी वर्षं चेहरे पाहतो आहे, पण तसं दृश्य मी पुन्हा पाहिलं नाही.

"लाइट गेली का वं?" नत्थूजींनी विचारलं.

पोरं खदखदून हसली. आबाजींनी मस्करी केली असं त्यांना वाटलं. नत्थूजीही त्यांच्यासोबत हसले.

संध्याकाळी हिमानी माझ्यासमोर बसून मोबाइलवर ती दुपार बघत होती. तीन चेहरे वर, पडद्याकडे लागलेले. चौथा चेहरा बाजूच्या रिकाम्या भिंतीकडे. तिने ते तीनदा पाहिलं. मग ती आबाजींच्या पाटाशी जाऊन बसली.

"आबाजी, त्या तळ्यातल्या बाईच्या लुगड्याची किनार कशी होती?"

"लाल. करवती, दातेरी."

"तिथं लुगडं नव्हतंच आबाजी. नुसता एक हात होता."

नत्थूजींनी पाटाची कड चाचपली. "मले दिसत नाही वं, पोरी," ते म्हणाले. "दादाचा गेला तसा माहाही गेला तर? आता उजेड तरी समजते."

वंदनाताई दारात उभ्या होत्या. "मामाजी, अन् मी तुम्हाले रोज मांगं सरका म्हणून राहिली होती," म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या.

तरी नत्थूजी ऑपरेशनला तयार होईनात. मग पोरांनी जे केलं ते मालिकेच्या वेड्यांनाच सुचावं. आबाजी पाहत नाहीत तोवर आम्हीही पुढचा भाग पाहणार नाही, असं त्यांनी ठरवलं. तुम्हाला ही गोष्ट लहान वाटेल. पण राजाला दगा कोण देणार यावर सगळं कॉलेज भांडत होतं. दुर्गेशने मोबाइलवरचे गट सोडले. रितिका कँटीनमध्ये कानात बोटं घालून चहा प्यायची. माझ्यावर चादर पडली. दुसऱ्या रविवारी नत्थूजींनी सुनेला हाक मारली. "माह्यापायी हे पोरं उपास करून राहिले. चाल, कुठं जायचं ते सांग."

पुढचे दिवस मी चादरीखाली काढले. माणसांची ये-जा, थेंब टाकायच्या वेळा, काळ्या चष्म्याच्या गोष्टी, सगळं नुसतं ऐकलं. तेव्हा मला नत्थूजींचे गेले कित्येक रविवार कळले.

अखेर डॉक्टरांनी परवानगी दिली आणि हिमानीने चादर ओढली. नवा भाग नाही, आधी तळं लावलं. काळं पाणी पसरलं, हात वर आला. त्याच क्षणी नत्थूजी म्हणाले, "वा." या वेळी ते उशिरा नव्हते. पोरं माझ्याकडे बघतच नव्हती, तिघंही त्यांच्याकडे बघत होती.

"रेशीम हाय," ते हलकेच म्हणाले. "बाही पाहा. ओलं रेशीम असंच अंगाले चिकटते."

मग ते उठले, पाट उचलला आणि पार मागच्या भिंतीशी जाऊन बसले, सगळ्यांच्या मागे. खरं सांगू? मला थोडं चुकल्यासारखं झालं. त्यांचा श्वास माझ्या काचेवर पडायची मला सवय झाली होती. पण इतक्या लांबून ते मला पाहत होते.

मित्रांनो, माझी हिरवी रेघ आता वाढते आहे, मी फार दिवस टिकणार नाही. माझी काळजी नाही घेतलीत तरी चालेल. पण घरातलं कुणी टीव्हीच्या फार जवळ सरकत असेल, तर त्याला मागे हटवू नका. तुम्हीच पुढे या, शेजारी बसा आणि विचारा, तुम्हाला काय दिसतंय?